युद्धावरचं लेखन, लेखकाच्या मागे

लेखक गेला की माळ्यावर एखादी पत्र्याची ट्रंक किंवा दोन-तीन खोकी उरतात. आत कात्रणं, फुलस्केपवरची हस्तलिखितं, पोस्टकार्डं, भाषणांची टिपणं, कधी एखादी फ्लॉपी. घरच्यांना वाटतं, वर्षश्राद्धाच्या आत पुस्तक निघावं. कवितांचा संग्रह घाईत निघाला तर पुढच्या आवृत्तीत सावरून घेता येतो. युद्ध आणि शांतता या विषयावरच्या लेखांचं तसं होत नाही. हे लेखन तारखेला बांधलेलं असतं. तारीख गळली तर एकही शब्द न बदलता लेखकाच्या तोंडी भलतंच म्हणणं जातं, आणि खुलासा करायला तो नसतो.

गांधीजींचं एक आवाहन बघा. प्रत्येक ब्रिटिश माणसाला उद्देशून लिहिलेला हा मजकूर २ जुलै १९४० चा, दिल्लीत लिहिलेला. ६ जुलैच्या 'हरिजन' या त्यांच्या साप्ताहिकात तो आला. शस्त्रं खाली ठेवा, नाझींचा मुकाबला अहिंसेने करा, असं त्यात ब्रिटिशांना सांगितलं आहे. तारखेविना वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लगेच जळतं लंडन उभं राहतं. पण लंडनवरचे रोज रात्रीचे बाँबहल्ले सुरू झाले ७ सप्टेंबरला. २ जुलैला परिस्थिती वेगळी होती. दहाच दिवसांपूर्वी, २२ जूनला, फ्रान्सने जर्मनीबरोबरच्या शस्त्रसंधीवर सही केली होती आणि पुढचा घाव इंग्लंडवर येणार हे दिसत होतं. एवढी माहिती लेखाखाली दोन ओळींत दिली तर वाचकाला लेख पटेलच असं नाही, पण तो कोणत्या घडीला लिहिला गेला हे कळतं. १९१८ साली याच गांधीजींनी खेडा जिल्ह्यात गावोगाव हिंडून सैन्यभरतीसाठी माणसं मागितली होती. ते मजकूर आणि हे आवाहन 'अहिंसा' नावाच्या एकाच विभागात शेजारी-शेजारी ठेवले तर मधली २२ वर्षं नाहीशी होतात.

आणखी एक गोष्ट याच लेखनातून शिकण्यासारखी आहे. ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमा झालं, पण अणुबाँब आणि अहिंसा यांवरचा 'हरिजन'मधला लेख ७ जुलै १९४६ चा आहे. अकरा महिने गांधीजी गप्प होते असं कुणी लिहिलं तर ते चुकीचं ठरेल. 'हरिजन'च ऑगस्ट १९४२ मध्ये बंद पडलं होतं आणि फेब्रुवारी १९४६ मध्ये पुन्हा सुरू झालं. लेखनात खंड दिसला की आधी नियतकालिक चालू होतं का ते पाहायचं, मग लेखकाच्या मनाबद्दल बोलायचं.

आता खोक्याकडे वळू. पहिले दोन-तीन दिवस काहीही लावायचं नाही. कागद ज्या क्रमाने, ज्या गठ्ठ्यात आहेत तो क्रम हाच पुरावा असतो. लेखकाने एका पाकिटात चार कात्रणं एकत्र ठेवली असतील तर बहुधा त्याला त्यांत काही नातं दिसलं होतं. म्हणून आधी गठ्ठ्यांना क्रमांक, मग आतल्या कागदांना, आणि क्रमांक पेन्सिलीने, मागच्या बाजूला, कोपऱ्यात. बॉलपेन नको, त्याची खूण कागदावर कायमची राहते.

मुंबईच्या हवेत वर्तमानपत्राचा कागद फार लवकर खलास होतो. तो लाकडाच्या भरड लगद्याचा असतो. त्यातलं लिग्निन हे लाकडातलं द्रव्य उजेड आणि हवा लागून पिवळं पडतं, आम्ल तयार होतं आणि घडीवर कागद तुटतो. म्हणून कात्रणं उन्हात वाळवायची नाहीत, घड्या जोर लावून उलगडायच्या नाहीत. गंजलेली टाचणी ओढून काढली की कागदाचा तुकडा घेऊनच येते. स्टेपलची पिन असेल तर तिच्याखाली पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवून मागची टोकं आधी सरळ करायची आणि मग पिन उचलायची. फाटलेल्या जागी सेलोटेप लावणं हा सर्वांत मोठा अपराध. त्याचा चिकटा काही वर्षांत कागदात मुरतो आणि अक्षरांवर तपकिरी पट्टा कायमचा राहतो. लॅमिनेशन तर कधीच नको, ते परत सोडवता येत नाही. दुरुस्ती करायचीच असेल तर पातळ जपानी टिश्यू आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरतात. ही खळ पाण्याने पुन्हा सुटते, हा तिचा गुण. पण ते काम सवय असलेल्या माणसाकडूनच करून घ्यावं. बुरशी आलेले कागद पहिल्याच दिवशी वेगळ्या खोक्यात घालावेत आणि तोंडाला मास्क लावूनच हाताळावेत. हे सगळं नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरकता आलं तर उत्तम. जुलैत ट्रंक उघडून कागद टेबलावर पसरले की आठवडाभरात कडा वळतात आणि पानं एकमेकांना चिकटतात.

फोटो साध्या मोबाइलने काढले तरी चालतात. खिडकीचा उजेड बाजूने, फ्लॅश बंद, कॅमेरा कागदाला समांतर, कडेला एक मोजपट्टी. टंकलेखनाच्या कार्बन कॉपीचा कागद इतका पातळ असतो की मागची अक्षरं पुढे दिसतात. त्याच्याखाली काळा कागद ठेवला की मागचं दिसेनासं होतं. आणि प्रत्येक कात्रणाचा मागच्या बाजूचाही फोटो काढायचा, तिथे फक्त साबणाची जाहिरात असली तरी. का, ते पुढे येतंय.

नोंदवहीत प्रत्येक मजकुराला एक ओळ: क्रमांक, शीर्षक, प्रकार (लेख, पत्र, भाषण, नभोवाणीवरचं भाषण), कुठे आला, वर्ष आणि अंक, तारीख, पृष्ठ, कोणत्या नावाने, पहिले पाच शब्द, शेवटचे पाच शब्द, कागदाची अवस्था. पहिले आणि शेवटचे शब्द लिहायला कंटाळा करू नका. एकच लेख तीन मथळ्यांखाली तीन ठिकाणी आलेला असतो. मथळे संपादक बदलतात, पहिलं वाक्य सहसा तेच राहतं.

सर्वांत जास्त वेळ जातो तो तारखा लावण्यात, आणि तो द्यायलाच हवा. कात्रणावर तारीख नसेल तर आधी मागची बाजू वाचायची. सिनेमाची जाहिरात, क्रिकेटचा धावफलक, रेशनची सूचना, बोटींचं वेळापत्रक, यांतलं काही ना काही सापडतं आणि आठवडा निश्चित होतो. अंकाची किंमत आण्यांत असेल तर तो बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीचा. 'नवे पैसे' असतील तर त्यानंतरचा, आणि १ जून १९६४ ला 'नवे' हा शब्द अधिकृतपणे गळला. पत्रावर 'मुंबई २८' असा जुना टपाल विभाग असेल तर त्यावरून काही सिद्ध होत नाही, कारण पिनकोड आल्यानंतरही लोक वर्षानुवर्षं तसंच लिहीत राहिले. पण '४०० ०२८' असेल तर पत्र १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. 'आपलं महाराष्ट्र राज्य' असं कुणी सहज लिहून गेला असेल तर १ मे १९६० उलटून गेला आहे असं धरायला हरकत नाही.

भाषेतही खुणा असतात. 'पहिलं महायुद्ध' हा शब्द दुसरं सुरू झाल्यावरच रुळला. त्याआधीचा लेखक 'महायुद्ध', 'गेलं महायुद्ध', 'युरोपातलं युद्ध' असं लिहितो. अनुच्चारित अनुस्वार ('केलें', 'नाहीं', 'त्यांत') १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी गेले. पण इथे जपून. छापखान्याने ते काढले, हाताने लिहिणाऱ्या पिढीने मरेपर्यंत ठेवले. म्हणजे ही खूण छापील मजकुराला लागू, हस्तलिखिताला नाही.

मुंबईतल्या युद्धकाळाबद्दलच्या लेखनात तारखेचा एक विशेष घोळ होतो. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या जहाजाचा स्फोट झाला. जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटकं, शिवाय कापसाच्या गाठी आणि सोन्याच्या विटा होत्या. सगळ्या शहराने तो आवाज ऐकला, तरी युद्धकाळच्या सेन्सॉरने त्याची तपशीलवार बातमी मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत अडवून धरली. म्हणून एखाद्या लेखकाने त्या संध्याकाळी लिहिलेलं वर्णन छापून मात्र मेअखेर किंवा त्यानंतर आलेलं असू शकतं, आणि मधल्या काळात त्याला कात्री लागलेली असू शकते. अशा मजकुराला दोन तारखा द्यायच्या: लिहिल्याची आणि छापल्याची. हस्तलिखित सापडलं तर छापील मजकुराशी ओळ न् ओळ ताडून पाहायचं. कुठल्या ओळी गेल्या, हीच वाचकाला द्यायची सर्वांत मोलाची टीप असते. १९६२ आणि १९७१ च्या युद्धकाळातलं लेखन आणि २६ जून १९७५ नंतरच्या, आणीबाणीतल्या सेन्सॉरशिपमधलं लेखन यांनाही हाच न्याय.

कात्रणांत जे नाही ते ग्रंथालयात शोधायचं. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासूनचं आहे. टाउन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटी. काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार. जाताना 'अमुक लेखकाचं सगळं' असं मागू नका. नियतकालिकाचं नाव आणि महिन्यांची यादी घेऊन जा. युद्धाच्या तारखा हाताशी असतातच: सप्टेंबर १९३९, फेब्रुवारी १९४२ (सिंगापूर पडलं), ऑगस्ट १९४५, ऑक्टोबर-नोव्हेंबर १९६२, सप्टेंबर १९६५, डिसेंबर १९७१, मे १९७४ आणि मे १९९८ (पोखरण). या महिन्यांचे आणि त्यांच्या पुढच्या दोन महिन्यांचे अंक चाळले की हरवलेल्या लेखांपैकी बरेचसे सापडतात. दिवाळी अंक वेगळे पाहावेत; ते महिनाभर आधी छापायला जातात, त्यामुळे १९६२ च्या दिवाळी अंकातला शांततेवरचा लेख २० ऑक्टोबरच्या चिनी हल्ल्याच्या आधी लिहिलेला असणार, हे लक्षात ठेवावं. नाहीतर तो लेखक बेसावध किंवा भोळा ठरतो.

हक्कांचा भाग रुक्ष आहे, पण सगळ्यात जास्त पुस्तकं इथेच अडकतात. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरचं पुढचं वर्ष सुरू झाल्यापासून ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. १९६५ साली गेलेल्या लेखकाचं प्रकाशित लेखन ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत हक्कात होतं. पण हयातीत प्रसिद्धच न झालेलं लेखन मृत्यूनंतर प्रथम छापलं तर त्याची ६० वर्षं त्या प्रकाशनापासून मोजतात. म्हणजे एकाच पुस्तकातल्या दोन लेखांची मुदत वेगवेगळी असू शकते. पत्रांत तर नेहमी गल्लत होते: कागद ज्याला पत्र आलं त्याचा, मजकुराचा हक्क ज्याने लिहिलं त्याचा. मित्राने आनंदाने पत्रांचा गठ्ठा दिला म्हणजे छापण्याची परवानगी मिळाली असं होत नाही. वर्तमानपत्रात नोकरीला असताना लिहिलेल्या लेखांचा नियतकालिकात छापण्यापुरता हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाचा असतो आणि बाकीचे हक्क लेखकाकडे राहतात. तरीही त्या काळचं नेमणूकपत्र सापडलं तर वाचून घ्यावं. मृत्युपत्र नसेल तर सगळ्या वारसांच्या सह्या लागतात, परदेशी असलेल्या मुलीचीसुद्धा. हक्क लिहून घेताना मुदत लिहिली नाही तर कायदा ती ५ वर्षंच धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणून मुदत, प्रदेश, भाषा, ई-पुस्तक, श्राव्य पुस्तक, सगळं त्याच कागदावर यायला हवं.

यानंतर येतो पाठ, म्हणजे मजकुराचं कोणतं रूप छापायचं ते, ठरवण्याचा प्रश्न. एका लेखाचं हस्तलिखित, छापील लेख, आणि लेखकाने स्वतः पेनाने दुरुस्त केलेलं कात्रण, अशी तीन रूपं असतील तर मी दुरुस्त केलेलं कात्रण आधारपाठ धरण्याच्या बाजूने आहे. फक्त एक अट: दुरुस्त्या कधीच्या ते कळायला हवं. १९६५ च्या लेखावर १९८० साली केलेली दुरुस्ती म्हणजे नवा विचार; तो टिपेत द्यावा, मूळ लेखात मिसळू नये.

टंकन आणि स्कॅनवरून अक्षरओळख करताना या विषयाला खास धोके आहेत. ध आणि घ, भ आणि म, थ आणि य, ब आणि व यांची अदलाबदल होते. 'मरण'चं 'भरण' झालं तर कुणाच्याही लक्षात येतं. 'शस्त्र'चं 'शास्त्र' झालं तर वाक्य बिनबोभाट पुढे जातं, कारण दोन्ही शब्द अर्थपूर्ण आहेत. जुन्या फाँटमधल्या फाइली युनिकोडमध्ये आणताना खुद्द 'युद्ध' हाच शब्द बिघडतो: 'युध्द' असा होतो, द आणि ध यांची जागा बदलते. डोळ्याला दोन्ही जवळजवळ सारखे दिसतात, संगणकाला नाही. म्हणून सूची करण्याआधी संपूर्ण मजकुरात 'युध्द' शोधून 'युद्ध' करायचं. त्याच फेरीत 'बुध्द', 'सिध्द', 'विरुध्द' हेही तपासायचे. सूचीत आणखी एक गाठ सोडवावी लागते. 'युद्धबंदी' या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत, लढाई थांबवणं आणि पकडलेला सैनिक. डिसेंबर १९७१ वरच्या लेखात १६ तारखेला ढाक्यात शरणागती आणि १७ ला पश्चिमेकडची युद्धबंदी, आणि पुढच्याच परिच्छेदात सुमारे ९३,००० युद्धबंदी. यंत्राने केलेली सूची दोन्ही एकाच नोंदीत टाकते. 'आघाडी'चंही तसंच: रणांगणाची एक, पक्षांची दुसरी.

शुद्धलेखन आजचं करावं, शब्द त्या वेळचे ठेवावेत. 'केलें'चं 'केले' करायला हरकत नाही, तसं सुरुवातीला एकदा सांगून टाकायचं. 'ब्रह्मदेश'चा 'म्यानमार' करायचा नाही.

लेखांचा क्रम कालानुक्रमेच असावा, याबद्दल माझं मत पक्कं आहे. 'युद्धाची कारणं', 'अण्वस्त्रं', 'शांततेच्या वाटा' असे विभाग दिसायला नीटनेटके, पण त्यांत माणसाचा प्रवास दिसत नाही. १९६२ मध्ये ज्याने आवेशाने लिहिलं आणि १९७४ मध्ये अणुस्फोटाविरुद्ध लिहिलं, त्याचे दोन्ही लेख त्याच क्रमाने वाचायला मिळायला हवेत. नेमका पहिला लेख गाळा असं घरचे म्हणतात. त्यांचा हेतू चांगला असतो, पण ऐकू नये. शांततेच्या बाजूला आलेला माणूस कुठून निघाला होता, हे त्या लेखाशिवाय कळत नाही. विषयवार वाचणाऱ्याची सोय शेवटच्या सूचीने होते.

आणि जो काही बदल कराल तो सांगा. गांधीजींच्या समग्र वाङ्मयाचे इंग्रजी १०० खंड १९५६ ते १९९४ या काळात सिद्ध झाले. पुढे निघालेल्या सुधारित आवृत्तीत खंडांची मांडणी आणि क्रमांक बदलले, जुन्या प्रस्तावना गेल्या. त्यामुळे आधीच्या अभ्यासकांनी दिलेले खंड-पृष्ठांचे संदर्भ निरुपयोगी झाले, काही नोंदी गळल्याचंही दाखवून दिलं गेलं, आणि २००५ मध्ये ती आवृत्ती मागे घ्यावी लागली. शंभर खंडांना जे भोवलं ते दोनशे पानांनाही भोवतं.

प्रत्येक लेखाखाली टीप तीन-चार ओळींची पुरे: कुठे आला, कधी, त्या आठवड्यात काय घडत होतं, पाठात काय फरक. लेखाच्या वर मात्र काही नको. वाचकाने आधी लेखकाला भेटावं. पत्रांत तिऱ्हाईत माणसांची नावं आली असतील, विशेषतः साध्या सैनिकांची आणि त्यांच्या घरच्यांची, तर आद्याक्षरं वापरावीत आणि तसं केल्याचं नमूद करावं.

आकाराचं गणित सोपं आहे. डेमी या पुस्तकांच्या नेहमीच्या आकारात पानावर साधारण ३०० शब्द बसतात आणि १६ पानांचा एक फर्मा होतो. १५ फर्मे म्हणजे २४० पानं. सुरुवातीची १६ आणि टिपा-सूचीची २४ वजा केली की २०० पानं उरतात, म्हणजे ६०,००० शब्द. बाराशे शब्दांचा एक लेख धरला तर पन्नास लेख. नोंदवहीत दीडशे असतील तर शंभर बाहेर राहणार. त्यात आधी पुनरावृत्ती जाते: साप्ताहिक सदर चालवणारा प्रत्येक जण तेच परिच्छेद दोन-तीनदा वापरतो. बाहेर राहिलेल्यांची यादी तारखांसह शेवटी छापावी. तिला जेमतेम तीन पानं लागतात.

मुद्रितं (प्रुफं) तीनदा वाचावीत, आणि त्यातलं एक वाचन दोघांनी मिळून, एकाने मूळ मोठ्याने वाचत आणि दुसऱ्याने मुद्रितावर बोट ठेवत. आकडे एकेक अंक उच्चारून वाचावेत: एक, नऊ, चार, चार. बहुतेक चुकीच्या तारखा या एका सवयीने पकडल्या जातात.

पुस्तक निघाल्यावर ३० दिवसांत चार ग्रंथालयांना प्रत पाठवणं कायद्याने प्रकाशकावर बंधनकारक आहे: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमारा, दिल्ली पब्लिक लायब्ररी आणि आपल्या मुंबईच्या टाउन हॉलमधलं मध्यवर्ती ग्रंथालय. मूळ कागद एखाद्या संस्थेला द्यायचे असतील तर पुस्तकातल्या टिपांत दिलेले क्रमांक आणि कागदांच्या मागचे पेन्सिलीचे क्रमांक तेच आहेत ना, हे देण्यापूर्वी एकदा ताडून पाहा, आणि नोंदवहीची छापील प्रत प्रत्येक खोक्यात सगळ्यात वर ठेवा.